‘सरळ रूप द्या’ म्हणजे नेमके काय करायचे, आणि कुठे थांबायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सातवीनंतर शाळा सुटली, आता १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरवले आहे, दिवसभराचे शिवणकाम आटोपल्यावर रात्री पुस्तक उघडता आणि बीजगणिताच्या पहिल्याच पानांवर तीन ठिकाणी अडता, असे तुम्ही लिहिले आहे. पहिले म्हणजे ५क्ष + ३ यांचे ८क्ष का करायचे नाहीत. दुसरे म्हणजे ७ − २(क्ष − ३) याचे तुमचे उत्तर ५क्ष − १५ येते आणि पुस्तकात मात्र १३ − २क्ष छापलेले आहे. तिसरे म्हणजे उत्तर पूर्ण झाले, आता पेन खाली ठेवायचे, हे कशावरून ओळखायचे. (पुस्तकात इंग्रजी एक्स आणि वाय असतात, त्यांच्या जागी मी जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष आणि य लिहितो. अक्षर बदलल्याने गणितात काहीही बदलत नाही.)

मी गेली २४ वर्षे रात्रशाळेत गणित शिकवतो. समोर बसणारे बहुतेक जण दिवसा काम करून आलेले असतात, हिशेबात पक्के असतात, आणि नेमक्या या तीन ठिकाणीच अडतात. त्यामुळे या तुमच्या तीन वेगळ्या चुका आहेत असे मला वाटत नाही. तिन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे आणि ती आपल्याला अंकगणिताने लावलेली आहे. अंकगणितात दोन संख्यांमध्ये अधिकचे चिन्ह दिसले की तो हुकूम असतो: बेरीज कर आणि एक आकडा लिहून मोकळा हो. ५ + ३ असे कोणी तसेच सोडून दिले तर गुरुजी विचारतात, ‘उत्तर कुठे आहे?’ बीजगणितात मात्र ५क्ष + ३ हे स्वतःच उत्तर असू शकते, कारण क्ष किती आहे हे कळेपर्यंत त्या बेरजेचे पुढे काहीच करता येत नाही. हाताला ते अर्धवट वाटते आणि हात ते ‘पूर्ण’ करायला जातो. पाच आणि तीन आठ, शेजारी क्ष आहेच, म्हणून ८क्ष. ७ − २(क्ष − ३) मध्येही हाच हात पुढे जातो, कारण ७ आणि २ शेजारी दिसतात आणि त्यांची वजाबाकी लगेच होण्यासारखी असते.

म्हणून नियमांच्या आधी ‘सरळ रूप द्या’ या तीन शब्दांकडे पाहू. ‘सोडवा’ असे म्हटले असेल तर समोर समीकरण असते, मध्ये बरोबरचे चिन्ह असते, आणि क्षची किंमत शोधायची असते. ‘सरळ रूप द्या’ असे म्हटले असेल तर समोर फक्त एक राशी, म्हणजे ५क्ष + ३ सारखी अक्षरे आणि आकडे यांची मांडणी असते आणि शोधायचे काहीच नसते. तीच राशी कमी जागेत, सुटसुटीत लिहायची असते. माझ्या वर्गात दर वर्षी काही जण २क्ष + ६ पर्यंत अगदी बरोबर येतात आणि मग सवयीने खाली २क्ष = −६, म्हणून क्ष = −३ असे लिहून मोकळे होतात. ते ‘= ०’ त्यांनी स्वतःच्या खिशातून आणलेले असते, गणितात ते कुठेच नसते. सरळ रूप देताना एकच अट पाळायची आहे: क्षच्या जागी कोणतीही संख्या घातली तरी आधीच्या ओळीची आणि नंतरच्या ओळीची किंमत सारखीच राहिली पाहिजे. पुढे मी जे काही लिहिणार आहे ते सगळे या एका अटीतून येते.

आता पहिला प्रश्न. तुम्हाला कोणीतरी सांगितले असेल की पाच आंबे आणि तीन पेरू यांची बेरीज होत नाही, तसेच हे आहे. हे उदाहरण पहिल्या दिवशी चालते, मीही कधी काळी देत असे, पण आता देत नाही. त्यातून क्ष म्हणजे एखादी वस्तू आहे असा समज बसतो, आणि पुढे क्ष × क्ष आले की माणूस आंब्याला आंब्याने कसे गुणायचे या विचारात पडतो. क्ष ही संख्याच आहे, फक्त ती किती आहे हे अजून सांगितलेले नाही. तुमच्याच कामातले घ्या. एका ब्लाउजची शिलाई क्ष रुपये आहे. पाच ब्लाउजची शिलाई झाली ५क्ष रुपये, आणि वर हुकांचे म्हणून ३ रुपये लावले, तर बिल झाले ५क्ष + ३ रुपये. त्याऐवजी ८क्ष लिहिलेत तर तुम्ही आठ ब्लाउजचे पैसे मागता आहात. शिलाई २०० रुपये धरली तर खरे बिल १,००३ रुपये होते आणि चुकीचे १,६०० रुपये. गिऱ्हाईक ऐकून घेणार नाही.

याहून जवळचा दाखला आपल्याच संख्यालेखनात आहे. ५३ म्हणजे पाच दशक आणि तीन एकक. पाच दशक आणि तीन एकक मिळून आठ दशक होतात असे कोणी म्हणणार नाही. क्षच्या जागी १० घातले तर ५क्ष + ३ बरोबर ५३ होतात आणि ८क्ष बरोबर ८०. हा धागा पुढेही उपयोगी पडतो, कारण क्षचा वर्ग, म्हणजे क्ष², १० घातल्यावर शतकाच्या जागी बसतो. (३क्ष² + २क्ष + ५) आणि (क्ष² + ४क्ष + १) यांची बेरीज ४क्ष² + ६क्ष + ६ होते, आणि तिकडे ३२५ + १४१ = ४६६. शतकाखाली शतक, दशकाखाली दशक आणि एककाखाली एकक मांडून बेरीज करायला आपण तिसरी-चौथीत शिकलो, तीच ही मांडणी. फरक एवढाच की येथे हातचा नसतो. ७क्ष आणि ५क्ष मिळून १२क्ष होतात आणि ते तसेच राहतात, कारण क्ष म्हणजे नेहमी दहाच असेल असे नाही.

राशीतल्या अधिक-वजाने वेगळ्या होणाऱ्या तुकड्यांना पदे म्हणतात: ५क्ष + ३ मध्ये ५क्ष हे एक पद आणि ३ हे दुसरे. ज्या पदांत अक्षर तेच आणि त्या अक्षराचा घातही (क्ष² मधला वरचा लहान २) तोच, त्या पदांना सजातीय पदे म्हणतात. काही पुस्तकांत सरूप पदे असा शब्द आढळतो. बेरीज-वजाबाकी करून एकत्र होतात ती फक्त अशी पदे. ४क्ष आणि ७क्ष सजातीय आहेत, ४क्ष आणि ७क्ष² नाहीत. क्षय (म्हणजे क्ष × य) आणि यक्ष (म्हणजे य × क्ष) मात्र सजातीय आहेत, कारण २ × ३ आणि ३ × २ यांत फरक पडत नाही. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, स्पष्ट सांगितले आहे की समान जातीच्या राशींची बेरीज किंवा वजाबाकी करावी आणि भिन्न जातीच्या राशी वेगळ्या मांडाव्यात. अज्ञात संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितके असेल तितके’, आणि लिहिताना नुसते ‘या’ लिहीत. सुट्या संख्येपुढे ‘रू’ लिहीत. आपले ५क्ष + ३ त्यांच्या पद्धतीत ‘या ५ रू ३’ असे होते. नीट पाहिले तर मध्ये अधिकचे चिन्हच नाही, दोन पदे शेजारीशेजारी ठेवली की झाली बेरीज. असे लिहिले असते तर ते ‘पूर्ण’ करण्याचा मोह तुम्हाला झाला नसता, असे मला खात्रीने वाटते. ५क्ष + ३ मधल्या अधिककडे ‘बेरीज कर’ असा हुकूम म्हणून पाहण्याऐवजी ‘आणि’ म्हणून वाचा: पाच क्ष आणि तीन.

गुणाकाराला ही जातीची अट लागू नाही, आणि येथे गोंधळ होतो. ५क्ष + ३ एकत्र होत नाहीत, पण ५क्ष × ३ बरोबर १५क्ष होतात, कारण पाच ब्लाउजच्या शिलाईची तिप्पट म्हणजे पंधरा ब्लाउजची शिलाई. क्ष + क्ष बरोबर २क्ष आणि क्ष × क्ष बरोबर क्ष². कागदावर हे दोन्ही सारखेच दिसू लागले तर क्षला ५ समजा: एकीकडे १० येतात, दुसरीकडे २५.

आणखी एक लहानशी पण चिवट चूक येथेच सांगून ठेवतो. ६क्ष − क्ष याचे उत्तर निम्मा वर्ग ६ असे देतो. ‘सहा क्षमधून क्ष काढून टाकला, उरले सहा.’ बोलण्यात ‘काढून टाकला’ हा शब्द आला की अक्षर पुसले जाते. नुसता क्ष म्हणजे १क्ष, तो १ लिहायची पद्धत नाही एवढेच. सहा ब्लाउजच्या पैशांतून एका ब्लाउजचे पैसे परत केले तर पाच ब्लाउजचे पैसे उरतात, म्हणून उत्तर ५क्ष. हा न दिसणारा १ पहिले काही आठवडे पेन्सिलीने लिहीतच जा.

आता तुमचे ७ − २(क्ष − ३). येथे कंचेभागुबेव तुम्हाला आठवत असेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. २ आणि कंस यांच्यामध्ये चिन्ह नाही, म्हणजे तेथे गुणाकार आहे, आणि गुणाकार वजाबाकीच्या आधी होतो. तो २ कंसाच्या मालकीचा आहे, ७ ला तो मोकळा सापडत नाही. तुम्ही आधी ७ मधून २ वजा केले आणि ५(क्ष − ३) केले, तेथे वाट चुकली.

कंचेभागुबेव उपयोगी आहे, पण त्याला शब्दशः चिकटलात तर ते एका ठिकाणी फसवते. त्यात बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर असा क्रम दिसतो, म्हणून कोणी १० − ३ + २ मध्ये आधी ३ + २ करून ५ उत्तर काढतो. खरे उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच, डावीकडून उजवीकडे जायचे. भागाकार-गुणाकारालाही तेच लागू. हीच चूक बीजगणितात ८क्ष − ३क्ष + २क्ष याचे ३क्ष करते, खरे उत्तर ७क्ष आहे. मी वर्गात यावर एकच उपाय सांगतो: चिन्ह हे मागच्या पदाचे नसते, पुढच्या पदाचे असते. राशी हातात आली की कंसाच्या बाहेर जेथे जेथे अधिक किंवा वजा आहे, त्याच्या बरोबर आधी पेन्सिलीने उभी रेघ मारा. ७ − २(क्ष − ३) चे दोन तुकडे पडतील: एक ७, आणि दुसरा −२(क्ष − ३). आता २ च्या अंगावर वजा आहे हे डोळ्यांना दिसते. कंसातल्या प्रत्येक पदाला −२ ने गुणायचे. −२ × क्ष = −२क्ष, आणि −२ × −३ = +६. मग ७ − २क्ष + ६, आणि ७ व ६ हे सुटे अंक सजातीय, म्हणून १३ − २क्ष.

‘वजा गुणिले वजा अधिक’ हे पाठ असते पण पटलेले नसते, आणि न पटलेला नियम परीक्षेत हातातून सुटतो. म्हणून पुन्हा तुमच्या मशीनपाशी येतो. एक गिऱ्हाईक दोन ब्लाउज शिवून घेते आणि ५०० रुपयांची नोट देते. शिलाई प्रत्येकी क्ष रुपये, पण जुने गिऱ्हाईक म्हणून तुम्ही प्रत्येक ब्लाउजमागे ३० रुपये सोडता. तिला परत किती द्यायचे? ५०० − २(क्ष − ३०). आता हाच हिशेब तुम्ही दुसऱ्या तऱ्हेने करून पाहा. समजा, आधी सवलत विसरून पूर्ण शिलाई कापून घेतलीत: ५०० − २क्ष. मग आठवण झाली की दोन वेळा ३० रुपये सोडायचे आहेत, तर ते ६० रुपये तुम्ही तिच्या हातात आणखी ठेवाल: ५०० − २क्ष + ६०. सोडलेले पैसे तुमच्या घेण्यातून कमी झाले, म्हणून तिच्या परतीत वाढले. कंसाबाहेरचा वजा कंसातल्या वजाला अधिक करतो तो या कारणाने. शिलाई २०० रुपये असेल तर पहिल्या तऱ्हेने ५०० − २ × १७० = १६०, आणि दुसऱ्या तऱ्हेने ५०० − ४०० + ६० = १६०. शेवटचे चिन्ह बदलायचे विसरून ५०० − २क्ष − ६० लिहिलेत तर परत मिळतील फक्त ४० रुपये, आणि गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरेल. कंसाबाहेर नुसताच वजा असेल, जसे −(३क्ष − ५), तर तेथेही न दिसणारा १ आहे असे समजा आणि −१ ने दोन्ही पदांना गुणा: −३क्ष + ५. पहिल्या पदाचे चिन्ह बदलून दुसऱ्याचे तसेच ठेवणे ही माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि ती हुशार विद्यार्थ्यांकडूनही होते.

आता पडताळ्याबद्दल, कारण तुम्ही घरी एकट्या अभ्यास करता आणि प्रत्येक गणित दाखवायला जवळ कोणी नाही. वर जी अट सांगितली तीच तुमचा तपासनीस होऊ शकते: मूळ राशीत आणि उत्तरात क्षच्या जागी एकच संख्या घाला आणि दोन्ही किमती जुळतात का ते पाहा. पण संख्या निवडताना थोडी काळजी घ्यावी लागते, आणि ही गोष्ट मला एका विद्यार्थ्याने शिकवली. हॉटेलात काम करून वर्गाला येणारा तो मुलगा ५क्ष + ३ = ८क्ष लिहून मला ठामपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही सांगितले तसे तपासले, बरोबर आले.’ त्याने क्षच्या जागी १ घातला होता. ५ + ३ = ८ आणि ८ × १ = ८. ‘कोणतीही संख्या घाला’ असे मीच सांगितले होते, त्यामुळे चूक माझी होती. तेव्हापासून मी ०, १ आणि २ या तीन संख्या पडताळ्यासाठी बाद केल्या आहेत. ० घातला की क्ष असलेली सगळी पदे नाहीशी होतात. १ घातला की क्ष, क्ष² आणि सुटा अंक यांतला भेद मिटतो. २ घातले की क्ष² आणि २क्ष दोन्ही ४ होतात. ३, ५ किंवा १० घ्या. १० ने आकडेमोड सोपी जाते.

तरीही हा पडताळा एकाच बाजूने पक्का आहे. किमती जुळल्या नाहीत तर उत्तर नक्की चुकले आहे. जुळल्या तर उत्तर बहुधा बरोबर आहे, पण खात्री देता येत नाही. तुमचेच उदाहरण पाहा. ७ − २(क्ष − ३) मध्ये क्षच्या जागी ४ घातले तर ७ − २ = ५ येतात, आणि तुमच्या ५क्ष − १५ या उत्तरातही २० − १५ = ५ येतात. तुम्ही योगायोगाने ४ घेतले असते तर चुकलेले उत्तर बरोबर वाटले असते. १० घातले तर मूळ राशी ७ − १४ = −७ होते, तुमचे उत्तर ३५ होते आणि पुस्तकातले १३ − २० = −७ होते. म्हणून शक्य असेल तेथे दोन संख्यांनी तपासा. राशीत फक्त क्ष असेल आणि कंस सोडवल्यावरही क्ष² येत नसेल, तर दोन वेगळ्या संख्यांना किमती जुळल्या म्हणजे दोन्ही राशी एकच आहेत, याला गणिती आधार आहे. क्ष² असेल तर तीन संख्या लागतात.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. ७ − १४ = −७ हे तुम्हाला न अडखळता येते का? येत असेल तर वरचे सगळे लागलीच सुरू करा. येत नसेल तर बीजगणित आठवडाभर बाजूला ठेवा आणि ऋण संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार पक्के करा. नाहीतर पडताळ्यातच चूक होते आणि बरोबर उत्तर खोडले जाते. रात्रशाळेत ‘मला बीजगणित येत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरे तर ऋण संख्या येत नसतात, बीजगणिताचा तेथे काही दोष नसतो.

तिसरा प्रश्न, थांबायचे कुठे. याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की ते पुढे काय करायचे आहे यावर ठरते. नुसते ‘सरळ रूप द्या’ असेल तर राशीत कंस उरला नाही आणि दोन सजातीय पदे उरली नाहीत की थांबा. १३ − २क्ष लिहा किंवा −२क्ष + १३ लिहा, दोन्ही एकच. पुस्तकात दुसरा क्रम दिसला म्हणून आपले बरोबर उत्तर खोडू नका. मोठ्या घाताचे पद आधी लिहिण्याची रीत आहे, ती पाळली तर तपासणाऱ्याला वाचायला सोपे जाते एवढेच. पण ६क्ष + १२ सरळ की ६(क्ष + २) सरळ? नुसती बेरीज मांडायची असेल तर पहिले, आणि पुढे भागायचे असेल तर दुसरे. (६क्ष + १२) ÷ ६ हे गणित घ्या. येथे बरेच जण ६क्ष मधला ६ आणि खालचा ६ काट मारून क्ष + १२ लिहितात. १० घालून पाहा: ७२ ÷ ६ = १२, आणि क्ष + १२ मात्र २२. काट मारता येते ती अवयवाला, म्हणजे संपूर्ण राशीला गुणणाऱ्या संख्येला, बेरजेतल्या एकट्या पदाला नाही. ६(क्ष + २) असे लिहिले की ६ हा संपूर्ण राशीचा अवयव म्हणून समोर येतो आणि उत्तर क्ष + २ मिळते. म्हणजे येथे आधी कंस ‘परत घालणे’ हेच सरळ करणे ठरले.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘सरळ रूप द्या’ असा प्रश्न क्वचितच स्वतंत्रपणे येईल, पण प्रत्येक प्रकरणात मधल्या दोन-तीन ओळी याच असतात. अंकगणिती श्रेढीत, म्हणजे दर वेळी तीच संख्या मिळवत जाणाऱ्या संख्यांच्या रांगेत, पहिले पद ५ आणि सामान्य फरक (दर वेळी मिळवायची संख्या) ३ असेल तर न वे पद ५ + ३(न − १) होते. तुमच्या त्याच सवयीने त्याचे ८(न − १) झाले, तर पहिले पद शून्य येईल, आणि ते तर ५ दिलेले आहे. बरोबर रूप ३न + २. नच्या जागी १, २, ३ घातले की ५, ८, ११ मिळतात. वर्गसमीकरणात (क्ष + २)² याचा विस्तार क्ष² + ४ असा करणारे दर वर्षी भेटतात. ३ घातले की कळते: २५ आणि १३. (क्ष + २) ला (क्ष + २) ने गुणताना मधली २क्ष आणि २क्ष ही दोन पदे राहून गेली, खरा विस्तार क्ष² + ४क्ष + ४.

सरावाबद्दल थोडेसे. तुम्ही रोज वीस गणिते करता असे लिहिले आहे. चार करा, पण पूर्ण करा. एका ओळीत एकच बदल करायचा, बरोबरची चिन्हे एकाखाली एक ठेवायची, आणि शेवटी १० घालून पडताळा त्याच पानावर लिहायचा. एक नमुना देतो.

३(२क्ष − ४) − २(क्ष − ५) + क्ष
= ६क्ष − १२ − २क्ष + १० + क्ष
= ६क्ष − २क्ष + क्ष − १२ + १०
= ५क्ष − २

पहिल्या ओळीवर तीन तुकडे पाडले, दुसरीत फक्त कंस सोडवले, तिसरीत फक्त जागा बदलल्या आणि प्रत्येक पद आपले चिन्ह घेऊनच सरकले, चौथीत बेरीज-वजाबाकी. १० घातल्यावर वर ४८ − १० + १० = ४८ आणि खाली ५० − २ = ४८. चूक झालीच तर ती नेमकी कोणत्या ओळीत झाली हे शोधायला याच पद्धतीने प्रत्येक ओळीत १० घालत जा. किंमत जेथे बदलली त्या ओळीत चूक आहे. दोन ओळींचे काम एका ओळीत उरकण्याची घाई पहिला महिना तरी नको, तोंडी करण्याची सवय आपोआप लागते.

आज रात्रीसाठी एकच गणित देतो: ४ − ३(क्ष − २). आधी उभी रेघ मारा. क्षच्या जागी १० घातल्यावर या राशीची किंमत −२० येते. तुमच्या उत्तराची किती येते ते पाहा, आणि −२० आली नाही तर खोडण्याआधी सगळ्या ओळी जशाच्या तशा मला लिहून पाठवा.